नापासांची मिसळ

शकुंतला देवरे गेल्याचं मला पेपरात कळलं. आतल्या पानावर, तळाशी, दातांच्या दवाखान्याच्या जाहिरातीला खेटून. फोटो आधार कार्डावरचा असावा, कारण स्वखुशीने कुठलाही माणूस तसा दिसत नाही. खाली छापलं होतं, ‘यांचे अल्पशा आजाराने निधन झाले.’

मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. बाईंना दोन वर्षं कॅन्सर होता. ‘अल्पशा आजाराने’ या दोन शब्दांवरून ज्या बाईने भर सभेत सगळ्या संस्थेला खाली मान घालायला लावली, तिच्याच नावापुढे भाच्याने तेच दोन शब्द छापून आणले. पोराचा दोष नाही. पेपरच्या ऑफिसात मजकूर तयारच असतो, फक्त नाव बदलायचं. बाई असत्या तर रिक्षा करून तिथे गेल्या असत्या आणि काउंटरवरच्या मुलाला आधी विचारलं असतं, जेवलास का. मग भांडल्या असत्या.

मी लिहायला बसलेली पाहून सून म्हणाली, “आई, कशाला आता कडू आठवणी काढताय?”

मी म्हटलं, “मला गोडाची बंदी आहे. कडवटाची कुठल्याच डॉक्टरने केलेली नाही.”

देवरे बाई आमच्या ज्युनिअर कॉलेजात बदलून आल्या तेव्हा मी तिथे मराठी शिकवत होते. त्या वेळच्या गायधनी मॅडम, म्हणजे मी, हे एक पाहण्यासारखं प्रकरण होतं. कडक इस्त्रीची कॉटनची साडी, खांद्यावर ब्रोच, आणि नाशिकची मराठी पुण्याच्या तोडीची ठेवायची जबाबदारी सरकारने आपल्या एकटीवर टाकली आहे असा चेहरा. समोरचं माणूस दुःखाची बातमी सांगत असलं तरी मी आधी त्याचे उच्चार सुधारायची. आज त्या मॅडम रस्त्यात समोरून आल्या तर मी पटकन जवळच्या दुकानात शिरेन.

अशा माझ्या शेजारच्या खुर्चीत ही नामपूरची बाई येऊन बसली. जीवशास्त्राची. माहेरचे सगळे कांद्याच्या व्यापारात, त्यामुळे आवाज लिलावातला. हळू बोलणं हा प्रकार त्यांना माहीतच नव्हता. त्यांनी कानात सांगितलेलं गुपित गेटवरच्या वॉचमनला ऐकू जायचं. डब्यात रोज बाजरीची भाकरी आणि ठेचा. माझ्या निबंधाच्या वह्यांना त्या वर्षी ठेच्याचा वास होता. पहिल्याच दिवशी त्यांनी आपली खुर्ची फिरवून घेतली, पाठ भिंतीला आणि तोंड व्हरांड्याकडे.

“काय बघता हो सारखं बाहेर?” मी विचारलं.

“कोण एकटं चाललंय ते बघते.”

त्या प्रेमळ होत्या असं आता कुणी भाषणात म्हणालं तर विश्वास ठेवू नका. वर्गात खडू फेकून मारायच्या. मुलांची नावं कधी लक्षात ठेवली नाहीत. सगळ्या मुलींना ‘बाई’ आणि सगळ्या मुलांना ‘भाऊ’. शिकवणं ठीकठाक. स्टाफमधल्या निम्म्या लोकांशी अबोला, उरलेल्यांशी भांडण. कुणाच्या वाढदिवसाला वर्गणी दिली नाही, पण केक मात्र दोनदा घ्यायच्या. मला त्या आवडायच्या नाहीत, हे मी इथेच सांगून टाकते. आवडायला पुढे बरीच वर्षं लागली.

व्हरांड्यातून एखादं पोर मान खाली घालून चाललं की बाई उठायच्या आणि त्याच्या सॅकचा पट्टा मागून धरायच्या. मग तीन प्रश्न. जेवलास का. झोप लागते का. आणि त्याच आवाजात, त्याच सुरात, मधे श्वाससुद्धा न घेता: मरायचं मनात येतं का.

पोर बागलाणातलं निघालं तर हेच अहिराणीत. “जेवना का? झोप लागस का? मरानं मनमा येस का?”

पहिल्यांदा मी हे ऐकलं तेव्हा माझ्या हातातला चहा बशीत सांडला. मी म्हटलं, “अहो देवरे मॅडम, असं कसं विचारता? सतरा वर्षांचा मुलगा तो. नसेल मनात तर येईल ना.”

“जेवला का विचारलं तर भूक लागते का कुणाला?”

“पण निदान सौम्य शब्दात. बरं वाटतंय ना, असं काही.”

बाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी लिलावात सडक्या कांद्यावर टाकत असतील. “बरं आहेस ना, हा प्रश्न नाही मॅडम, धमकी आहे. त्याला एकच उत्तर चालतं.”

स्टाफरूममध्ये चर्चा व्हायचीच. एवढं विचारते म्हणजे हिच्या घरात काहीतरी झालं असणार. कुणी म्हणे भाऊ, कुणी म्हणे मुलगा, एका मॅडमनी तर तपशीलसुद्धा पुरवले. शेवटी एकाने तोंडावरच विचारलं.

“माझ्या घरात कुणी नाही गेलं तसं,” बाई भाकरी मोडत म्हणाल्या. “कुणी गेल्यावरच विचारायचं का?”

विचारणाऱ्याची निराशा स्पष्ट दिसत होती. एखादा मेलेला भाऊ असता तर बाईंचं वागणं माफ करायला सोपं गेलं असतं.

या ‘गेल्यावरच’ शब्दाशी माझं घरचं नातं आहे. माझे सासरे रामकुंडावर यजमानांची कार्यं करायचे. मरण हा आमच्या घरातला रोजचा व्यवसाय होता. तिथे मी एक गोष्ट पाहिली होती. तरणंताठं माणूस गेलं की गावात अपघात सांगतात, आजार सांगतात, पाय घसरला सांगतात. पण घाटावर गुरुजींनी खालच्या आवाजात विचारलं, मृत्यू कसा, की बाप खरं सांगतो. सांगावंच लागतं. तसं मरण असेल तर त्याचा विधी वेगळा, त्र्यंबकला जाऊन करायचा. चुकीचा केला तर गेलेल्याला गती मिळणार नाही ही भीती. सासरे घरी येऊन जेवायला बसत आणि काही बोलत नसत, त्यावरून आम्हाला कळायचं की आज कुणीतरी खरं सांगितलंय.

हे मी एकदा देवरे बाईंना मोठ्या साहित्यिक थाटात ऐकवलं. माझी अपेक्षा, त्या भारावतील.

त्या म्हणाल्या, “म्हणजे तुमच्याकडे तेच विचारतात, मेल्यावर. मी आधी विचारते. एवढाच फरक. तुम्हाला दक्षिणा मिळते.”

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे ठरलेला सोहळा असायचा. गुणवंतांना शाल, श्रीफळ, संस्थाध्यक्षांचं भाषण, पेढे. पेढ्यांचे पुडे उघडत असतानाच बाई मागच्या दाराने निघायच्या. त्यांच्यामागे पाच-सहा पोरं, कधी दहा. नापास झालेली, किंवा इतके कमी पडलेली की घरी जायची हिंमत नसलेली. ही वरात मखमलाबाद रस्त्यावरच्या एका मिसळीच्या शेडकडे जायची. मालक अण्णा दोन टेबलं जोडून ठेवायचे. कॉलेजात याला ‘नापासांची मिसळ’ म्हणत, अर्थात हसून.

एका वर्षी मी कुतूहल म्हणून गेले. पांढरी साडी नेसून गेले, यावरून माझी अक्कल कळावी. काळ्या मसाल्याचा लालभडक रस्सा, वर तर्रीचा थर, आणि मी पदर मुठीत धरून बाकाच्या टोकाला.  कुणाचा फोन वाजला की सगळी पोरं दचकायची.

“अण्णा, झणझणीत आणा,” बाई ओरडल्या. “दही कुणाला देऊ नका.”

मी हळूच विचारलं, “एवढं तिखट कशाला? पोरांचं आधीच तोंड उतरलंय.”

“म्हणूनच. पेढा खाताना रडलं तर लोक बघतात. मिसळ खाताना डोळ्याला पाणी आलं तर कोण विचारतो?”

खरंच पहिल्या दोन घासांत सगळ्या टेबलाचे डोळे वाहू लागले. नाकं ओढली जाऊ लागली. मीही रडत होते, आणि माझा तर निकालही नव्हता. त्या गोंधळात बाईंनी एकेकाला तीन प्रश्न विचारले, पाव वाढावा तसे. बहुतेकांनी नाही म्हटलं. एक जण म्हणाला, “मॅडम, मला नाही, पण माझ्या बापाला माझ्याबद्दल तसं वाटेल,” तेव्हा टेबल पहिल्यांदा हसलं. कडेला सागर नावाचा मुलगा होता, अंबडच्या कारखान्यातल्या फिटरचा. त्याने रस्सा ढवळत मान हलवली. हो.

 मला वाटलं, आता बाई भाषण देणार. आयुष्य सुंदर आहे वगैरे. मी असते तर दिलं असतं, दोन अभंगांसकट.

बाई म्हणाल्या, “कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“बरं. आधी खा. मग तुझ्या घरी जाऊ. मी आहे.”

अंबडच्या त्या दोन खोल्यांत मीही गेले, कारण रिक्षात बसलेच होते. बाप ड्यूटीवरून आलेला. बाईंनी चहा घेतला, घराचं भाडं विचारलं आणि मग सरळ सांगितलं, की पोराच्या मनात मरायचं येतंय, आजपासून त्याला एकटं ठेवायचं नाही, आणि उद्या सकाळी मी त्याला मनाच्या डॉक्टरकडे नेणार आहे, तुम्ही सुट्टी टाका.

बाप चिडला. “म्हंजे येडा झालाय का त्यो? नापास झाला, आता येडा बी?”

“तुमची दाढ दुखली होती कधी?”

“हा.”

“तेव्हा येडे झालते का?”

बाप पोराकडे वळला. मग म्हणाला, “मला कामून नाय सांगितलं रे?” सागर म्हणाला, “तुम्ही विचारलं नाय.” आई ओट्याशी पाठमोरी होती. ती तशीच उभी राहिली.

सागरला बरं व्हायला वेळ लागला. गोळ्या, डॉक्टर, मधे एकदा पुन्हा घसरण. बाई दर वेळी सोबत. आता तो चांगला कमावतो. पुढे काही वर्षांनी एका लग्नात बाईंना बायकोसह दिसला आणि चक्क तोंड फिरवून गेला. मला राग आला. बाई मठ्ठा पीत म्हणाल्या, “ओळख दाखवली असती तर बायकोने विचारलं असतं, या कोण? काय सांगेल बिचारा? चालतोय, फिरतोय, बायकोवर डाफरतोय. मला एवढं पुरे.”

इथवर गोष्ट ऐकून कुणालाही वाटेल की देवरे बाईंचं बरोबर होतं आणि जगाचं चूक. मलाही तसं लिहायला आवडलं असतं.

ऋतुजा आमची हुशार मुलगी. बारावीला कॉलेजात पहिली. तिच्या क्लासवाल्यांनी तिचा फोटो लावून चौकात भलं मोठं फ्लेक्स उभारलं, ‘भावी डॉक्टर’. सत्काराला तिने शाल घेतली, नमस्कार केला, आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, “मॅडम, देवरे मॅडम कुठे आहेत?” मी म्हटलं, “त्या गेल्या त्यांच्या नापासांना घेऊन. तुझं काय काम तिथे?” ती हसली. मीही हसले. सगळेच त्या दिवशी हसत होते.

मेडिकलच्या प्रवेशाला तिचे मार्क थोडक्यात कमी पडले. पावसाळ्यात एका सकाळी कॉलेजात बातमी आली की ऋतुजा गेली. कशी गेली ते सगळ्यांना कळलं आणि कुणी बोललं नाही. प्राचार्यांनी शिक्षकांना सांगितलं, विषय वाढवू नका, घरच्यांचीही तीच इच्छा आहे. शोकसभेत मुलं रांगेने बसवली, फोटोला हार घातला, आणि प्राचार्य वाचू लागले, “आपल्या महाविद्यालयाची गुणवंत विद्यार्थिनी अल्पशा आजाराने...”

“आजार खरा होता,” मागून लिलावातला आवाज आला. “अल्पसा नव्हता.”

व्यासपीठावरच्या माना खाली गेल्या. बाई उभ्या होत्या, हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर.

“इथे बसलेल्यांत अजून कुणाला तो असेल,” त्या म्हणाल्या. “असेल तर मला सांगा. यांना सांगा. कुणालाही सांगा. अल्पसा समजू नका.”

प्राचार्यांनी दोन मिनिटांचं मौन जाहीर केलं. मला आजवर इतकं सोयीचं मौन दुसरं आठवत नाही.

फ्लेक्स मात्र चौकात तसंच होतं. ती पोर पावसात हसत होती, आणि तिच्या आईला बाजारात जायला तोच रस्ता. बाई क्लासवाल्यांकडे गेल्या. तिथला मॅनेजर म्हणाला, मॅडम, जागेचं बुकिंग गणपतीपर्यंतचं आहे, त्याआधी उतरवायला माणूस मिळत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी रस्त्यापलीकडच्या मंडपवाल्याची शिडी मागितली, साडी खोचली आणि साठीला आलेल्या त्या बाई वर चढल्या. खाली त्यांची पर्स आणि छत्री धरून मी उभी. मी शिडी धरायला हवी होती, पण माझं सगळं लक्ष कुणी ओळखीचं बघत नाही ना इकडे. एका हवालदाराने विचारलं, काय चाललंय. मी माझ्या शुद्ध मराठीत म्हटलं, “मला कल्पना नाही, मी यांची पर्स धरली आहे.” कात्रीने दोऱ्या कापल्या गेल्या. फ्लेक्स खाली आलं तेव्हा बाईंनी ते चुरगाळलं नाही. फोटोतलं तोंड आतल्या बाजूला करून नीट घडी घातली, साडीची घालतात तशी.

मग पालकांच्या तक्रारी आल्या. ऋतुजाच्या घरच्यांच्या नव्हे, इतरांच्या. ही बाई पोरांच्या डोक्यात नको ते भरवते. आमच्या मुलीला हिने विचारलं, मरायचं मनात येतं का, ती घरी येऊन रडली. एका पोरीच्या बाबतीत तेच झालं असणार. संस्थेने चौकशी समिती नेमली.

माझी साक्ष झाली. मी बाईंच्या बाजूने बोलायला गेले होते, शपथेवर सांगते. पण तोंड उघडलं आणि त्या ब्रोचवाल्या मॅडम सुरू झाल्या. संवेदनशीलता, कोवळी मनं, कालानुरूप संवाद, दोन सुभाषितं. माझं झाल्यावर अध्यक्षांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “म्हणजे मॅडम, तुम्ही यांच्या बाजूने आहात की विरुद्ध?”

बाहेर देवरे बाई बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, “आवाज येत होता. छान बोललात. काय बोललात?”

मी उत्तर द्यायच्या आत जिन्यावरून ऋतुजाची आई वर आली. तिला समितीने बोलावलं नव्हतं. ती सरळ बाईंसमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही बाईंच्या थोबाडीत मारणार.

ती म्हणाली, “तुम्ही सगळ्या मुलांना विचारता म्हणे.”

बाई उठून उभ्या राहिल्या.

“मग माझ्या मुलीला का नाही विचारलं?”

आत समिती बाईंना विचारल्याबद्दल शिक्षा द्यायला बसली होती, आणि बाहेर ही आई न विचारल्याचा जाब मागत होती.  देवरे बाई म्हणाल्या, “तिला टक्के होते.”

एवढंच. टक्क्यांवर थुंकणारी बाई, पण मिसळीला कुणाला न्यायचं हे तिनेही टक्केच बघून ठरवलं होतं. निकालाच्या दिवशी मुलं दोन रांगांत वाटायची, तिकडे शाल आणि इकडे मिसळ. ही वाटणी बाईंनी कधी मोडली नाही, कारण ती आम्हा सगळ्यांसारखीच त्यांना दिसलीच नाही.

ऋतुजाची आई बाकावर बसली. बाई तिच्या शेजारी बसल्या. मी मधे पडून काहीतरी चांगलं बोलणार होते. सुदैवाने मला सुचलं नाही.

समितीने निर्णय दिला. बाईंनी विद्यार्थ्यांना असे प्रश्न विचारू नयेत, कॉलेजबाहेर नेऊ नये. त्याऐवजी समुपदेशन कक्ष सुरू होईल. झाला. नारळ फोडून उद्घाटन झालं, पाटी लागली, आणि समुपदेशकाची जागा भरली जाईपर्यंत तिथे मोडकी बाकं रचली गेली. मी निवृत्त झाले तेव्हा बाकं छताला टेकली होती. दाराबाहेर ‘मन मोकळे करा’ लिहिलेली पेटी होती, तिची किल्ली कुणाकडे आहे यावर दोन शिपायांचं एकमत नव्हतं.

निवृत्तीनंतर बाई नाशिकलाच राहिल्या. दर वर्षी निकालाच्या दिवशी अण्णांच्या शेडमध्ये सकाळपासून बसायच्या. आता कुणालाही बोलावत नसत, कुणालाही अडवत नसत. पहिला आला तरी मिसळ, नापास झाला तरी मिसळ. जुनी पोरं कुणाकुणाला पाठवायची. काही वर्षी कुणीच यायचं नाही. मी फोन करायची, “आलं का कोणी?” तर म्हणायच्या, “तुम्ही तरी या. दही ठेवलंय तुमच्यासाठी.”

माझी नात ईशा गेल्या वर्षी बारावी झाली. तिच्या परीक्षेआधीपासूनच मला काहीतरी खटकत होतं. पहाटे कधीही उठा, पोरीच्या खोलीत दिवा. ताटातलं ताटात. विचारलं की “बरंय आजी.” मग एक दिवस तिने आपली लाडकी रंगपेटी, जिला ती कुणाला हात लावू देत नसे, शेजारच्या मुलीला देऊन टाकली. सून कौतुकाने म्हणाली, “बघा किती समजूतदार झालीय.”

मला बाईंचे ते चार शब्द बोलायचे होते. मी जन्मभर मराठी शिकवली. रोज ठरवायची, आज विचारायचं. तिच्यासमोर उभी राहायची, आणि तोंडातून बाहेर पडायचं, “बरी आहेस ना गं?”

निकाल लागला. नव्वदच्या वर. घरात पेढे, फोन, मुलगा सोसायटीत वाटत सुटलेला. ईशा सोफ्यावर बसून सगळ्यांना थँक्यू म्हणत होती. मी तिला म्हटलं, “चल, मिसळ खायला जाऊ.”

सून म्हणाली, “आज? आणि तुम्हाला कुठे तिखट चालतं?”

“आज मला भूक आहे,” मी म्हटलं.

पुढे काय झालं ते आधी सांगते. ईशा आता डॉक्टरांकडे जाते. कधी बरी असते, कधी नसते, पण हल्ली नसली की सांगते. मुलाने आणि सुनेने सुरुवातीला, “तिला काय झालंय, नव्वद टक्के आहेत तिला,” असं इतक्या वेळा म्हटलं की मला ऋतुजाची आई आठवून झोप येईना. शेवटी मुलगाच तिला घेऊन जायला लागला. नातेवाइकांना मात्र आम्ही सांगतो की तिला ॲसिडिटीचा त्रास आहे. अल्पसाच.

त्या दिवशी शेडमध्ये बाई एकट्याच होत्या. डोक्याला स्कार्फ, गाल आत गेलेले. केमोने तोंड सोलून निघालं होतं, मिसळ काय, वरणभातही उतरत नव्हता. त्यांच्या पुढ्यात दह्याची वाटी. मला बघून हात हलवला, ईशाला समोर बसवलं, अण्णांना खूण केली. अण्णांनी न विचारता झणझणीत आणली.

ईशाने एकदा बाईंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. “आजी, तू बाहेर बसतेस?”

मी बाहेर झाडाखाली बाजेवर जाऊन बसले. तिथून दोघी दिसत होत्या. बाईंचे ओठ हलले. ईशाने मान हलवली, जेवली म्हणून. ओठ पुन्हा हलले. ईशाने मान नाही अशी हलवली. मग तिसऱ्यांदा हलले. गेटवरच्या वॉचमनपर्यंत पोचणारा तो आवाज आजाराने इतका बसला होता की चार पावलांवर मला ऐकू आला नाही. ईशा पापडाचे तुकडे करत राहिली, खूप बारीक तुकडे. मग ती बोलायला लागली, आणि थांबेचना.

बाईंनी मधेच रश्श्याचं भांडं तिच्याकडे सरकवलं. ईशाने ते सगळं ताटात ओतलं आणि खाऊ लागली. डोळ्यांतून, नाकातून धारा. पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने एकदा बघितलं, तिखट लागलं असेल म्हणून परत आपल्या ताटात मान घातली.

मग माझं लक्ष बाईंकडे गेलं. त्यांचेही डोळे तसेच वाहत होते, आणि त्यांच्या पुढ्यात नुसतं दही होतं.